गाव शहरात जाते तेव्हा

तुमच्या गावाजवळ एखादे शहर असेल, तर हा पाठ सावकाश वाचा. जवळ शहर नसेल, तरीही वाचा. आज जे लांब आहे, ते दहा-वीस वर्षांनी वेशीपाशी येते.

शहर कसे वाढते, ते आपण डोळ्यांनी पाहतो. आधी मोठ्या रस्त्याच्या कडेला दोन-चार दुकाने होतात. मग शेताचे तुकडे पडतात. एक गुंठा, दोन गुंठे अशी जमीन विकली जाते. तिच्यावर घरे उभी राहतात. घरे वाढली, की नळाला पाणी पुरत नाही. सांडपाणी ओढ्यात जाते. कचरा रस्त्यावर येतो. एवढा पसारा सांभाळायला ग्रामपंचायतीकडे ना माणसे, ना पैसा. मग एक दिवस राज्य सरकार हुकूम काढते आणि गाव शहराच्या हद्दीत जाते.

पुण्याचेच पाहा. पुण्याची महानगरपालिका १९५० साली झाली. १९९७ साली तिने भोवतालची बरीच गावे आपल्यात घेतली. २०१७ साली ११ गावे घेतली. २०२१ साली आणखी २३ गावे घेतली. त्या गावांतल्या लोकांनी घर बदलले नाही, शेजार बदलला नाही. विहीर तिथेच, देऊळ तिथेच. पण सरपंच गेला, ग्रामपंचायत गेली आणि ग्रामसभाही गेली.

काय जाते आणि काय येते?

ग्रामसभेत गावातला प्रत्येक मतदार बसू शकतो. उठून बोलू शकतो. "सरपंच, दिवाबत्तीचे पैसे कुठं गेले?" असे तोंडावर विचारू शकतो. शहरात तसे नसते. शहराच्या सभेत निवडून दिलेले नगरसेवकच बोलतात. म्हणजे गावात तुमचे तोंड तुमच्यापाशी असते. शहरात ते तुम्ही दुसऱ्याच्या हाती देता. म्हणून ज्याच्या हाती द्यायचे, तो माणूस नीट पारखून घ्यावा लागतो.

घरपट्टीही बदलते. शहराची घरपट्टी गावापेक्षा जास्त असते. ती एकदम लावत नाहीत, काही वर्षे टप्प्याटप्प्याने चढवत नेतात. पूर्वी शहरांचे मोठे उत्पन्न जकातीचे असे. बाजाराला माल घेऊन जाताना नाक्यावर गाडी थांबवून पावती फाडावी लागे, हे तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला बंद झाली. इतर शहरांतली त्याआधीच गेली. आता राज्य सरकार त्याची भरपाई शहरांना देते. पण ज्या उत्पन्नावर शहराचा स्वतःचा हात चालतो, त्यात घरपट्टी मोठी आहे. म्हणून पट्टी भरणारा माणूस हा शहराचा धनी आहे, त्याने हिशेब विचारायला लाजू नये.

येते काय? मोठी पाणी-योजना, भुयारी गटारे, दवाखाने, रस्ते, अग्निशामक बंब. हे सगळे येऊ शकते. पण हुकूम निघाला म्हणजे दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येते, असे समजू नका. पट्टीचे बिल लवकर येते. पाणी उशिरा येते. मधल्या काळात मागणी करत राहावे लागते.

कारभार कोण चालवतो?

शहरांच्या कारभाराचे तीन प्रकार आहेत. गाव नुकतेच शहराचे रूप घेऊ लागले असेल, तर नगरपंचायत. लहान शहराला नगरपरिषद, तिलाच आपण नगरपालिका म्हणतो. मोठ्या शहराला महानगरपालिका. १९९२ साली आपल्या राज्यघटनेत ७४ वी दुरुस्ती झाली आणि १ जून १९९३ पासून ती लागू झाली. तिच्यामुळे या संस्थांना घटनेत जागा मिळाली. त्यांची मुदत पाच वर्षांची ठरली. निवडणुका घेण्याचे काम राज्य निवडणूक आयोगाकडे आले. स्त्रियांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवाव्या लागतात. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत.

महानगरपालिकेत नगरसेवक आपल्यातून महापौर निवडतात. महापौराची मुदत अडीच वर्षांची. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. महापौराला मान मोठा, रोजचा अंमल मात्र आयुक्ताचा. आयुक्त हा सरकारने नेमलेला अधिकारी असतो. तो निवडून येत नाही. मग नगरसेवकाचे काम काय? पैसा कशावर खर्च करायचा, हे ठरवणाऱ्या अंदाजपत्रकाला सभेची मंजुरी लागते. मोठी कंत्राटे स्थायी समितीपुढे येतात. प्रश्न विचारणे, खर्चाला हो किंवा नाही म्हणणे, ही नगरसेवकाची खरी ताकद. जो नगरसेवक सभेत तोंड उघडत नाही आणि लग्नाला मात्र सगळ्यांच्या आधी हजर असतो, त्याने आपले काम केले असे होत नाही.

मत कसे द्यायचे?

मुंबईत २२७ नगरसेवक आहेत. तिथे एका प्रभागातून एकच निवडतात. राज्यातल्या बाकीच्या महानगरपालिकांत मात्र एका प्रभागातून बहुधा चार निवडतात. त्या चार जागांना अ, ब, क, ड अशी नावे असतात. म्हणजे एका मतदाराने चार मते द्यायची. पुष्कळ माणसे एक बटन दाबून निघू लागतात. तसे करू नये. प्रत्येक जागेसाठी वेगळे बटन दाबायचे. कोणीच पसंत नसेल, तर "वरीलपैकी कोणीही नाही" याचेही बटन असते. नगरपरिषदेत आपल्या प्रभागाचे नगरसेवक निवडायचे आणि नगराध्यक्षासाठी निराळे मत द्यायचे.

चार जणांच्या प्रभागात एक अडचण होते. तक्रार घेऊन गेले, की पहिला म्हणतो, "ते दुसऱ्याकडं आहे." दुसरा म्हणतो, "तिसऱ्याला भेटा." यावर उपाय सोपा. अर्ज लिहावा आणि त्याच्या पाच प्रती कराव्यात. चौघांना चार द्याव्यात. पाचवीवर चौघांची पोचसही घ्यावी आणि घरी जपून ठेवावी. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते, सही-शिक्क्याचा कागद राहतो.

मतदानाच्या आधीची एक पायरी लोक विसरतात. ती म्हणजे मतदार यादी. आधी कच्ची यादी लागते. तिला प्रारूप यादी म्हणतात. आपले नाव तिच्यात आहे का, ते आपल्याच प्रभागात आहे का, हे तेव्हाच पाहावे. चूक असली तर मुदतीत हरकत घ्यावी. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन भांडण्यात अर्थ नसतो.

निवडणूकच झाली नाही तर?

असेही घडले आहे. पुणे आणि मुंबईची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ ला झाली होती. पाच वर्षांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पण आरक्षणाचे आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात गेले आणि पुढची निवडणूक लांबत राहिली. तोवर नगरसेवक कोणी नव्हते. प्रशासक म्हणून अधिकाऱ्यांनी कारभार पाहिला. अंदाजपत्रक त्यांनीच करायचे आणि मंजूरही त्यांनीच करायचे. अखेर सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिली आणि राज्यातल्या महानगरपालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले. जवळजवळ नऊ वर्षांनी!

२०२१ साली पुण्यात गेलेल्या २३ गावांचा विचार करा. त्यांची ग्रामपंचायत गेली आणि सुमारे साडेचार वर्षे त्यांना आपला नगरसेवक निवडता आला नाही. पट्टीची बिले मात्र त्या काळातही येतच होती.

कचऱ्याची गोष्ट

पुण्याजवळ उरुळी देवाची आणि फुरसुंगी अशी दोन गावे आहेत. पुणे शहराचा कचरा बरीच वर्षे तिथे नेऊन टाकत. विहिरींचे पाणी बिघडले. वास, माश्या आणि धूर यांनी लोक हैराण झाले. त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आंदोलने केली. पण कचरा शहराचा आणि गावे शहराच्या हद्दीबाहेर. ज्या सभेत कचऱ्याचा निर्णय होई, तिथे या गावांचे मत नव्हते. २०१७ साली ही गावे महानगरपालिकेत आली, तेव्हा घरपट्टीची तक्रार सुरू झाली. शेवटी २०२४ साली ती पुन्हा वेगळी काढून त्यांची नगरपरिषद केली. यावरून काय दिसते? शहरात असणे चांगले की वाईट, याला एकच उत्तर नाही. आपल्या घरादाराचा निर्णय जिथे होतो, तिथे आपला माणूस आहे का, हा खरा प्रश्न.

नकाशाची गोष्ट

आता मी माझी चूक सांगतो. शहराचे नाव सांगत नाही. मी तेव्हा नोकरीत होतो, शाळेचा मुख्याध्यापक होतो.

आमचे गाव शहरात गेले. काही काळाने त्या भागाचा विकास आराखडा निघाला. विकास आराखडा म्हणजे पुढच्या वीस वर्षांचा नकाशा. रस्ता कुठून जाणार, शाळा कुठे, बाग कुठे, स्मशान कुठे, हे त्यात आखलेले असते. ज्या जमिनीवर असे काही आखले, तिला आरक्षण पडले म्हणतात. मग तिथे मालकाला आपल्या मनाप्रमाणे घर बांधता येत नाही.

हा नकाशा चोरून करता येत नाही. आधी कच्चा आराखडा प्रसिद्ध करावा लागतो. वर्तमानपत्रांत नोटीस द्यावी लागते. त्यावर कोणालाही ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत घेता येते. आमच्या चावडीच्या फळ्यावरही नोटीस चिकटवली होती. मी रोज सकाळ-संध्याकाळ त्या फळ्यावरून जात होतो. मी ती वाचली नाही. सरकारी कागद आहे, असेल काहीतरी, असे म्हणून पुढे गेलो.

आमच्या साक्षरता वर्गात भाजी विकणाऱ्या एक मावशी येत. भाजी बांधायला त्या रद्दी आणत. एका दुपारी त्या वर्तमानपत्राचा एक कागद घेऊन शाळेत आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, ह्यात आपल्या गावाचं नाव हाय. मी लावून लावून वाचलं. फुडं 'हरकत' असं लिवलंय. हरकत कसली?"

मी कागद हातात घेतला आणि माझ्या पोटात गोळा आला. मुदत संपायला आठ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जण कचेरीत गेलो आणि नकाशा पाहिला. नवा मोठा रस्ता शाळेच्या मैदानाच्या मधोमध आखला होता. पलीकडच्या वस्तीतली काही घरेही त्यात जात होती. रात्री देवळात बैठक घेतली. ज्यांना लिहिता येत होते, त्यांनी शेजाऱ्यांचे अर्ज लिहून दिले. मावशींनी आपला अर्ज स्वतः लिहिला. चार ओळी लिहायला त्यांना एक तास लागला. मुदतीच्या आत आम्ही सगळ्या हरकती दिल्या आणि पोच घेतली. पुढे नियोजन समितीपुढे सुनावणी झाली. मंजूर नकाशा आला, तेव्हा रस्ता मैदानावरून सरकला होता. वस्तीही वाचली.

पण गोष्ट इथे संपत नाही. रस्ता नाहीसा झाला नव्हता. तो खालच्या अंगाला, खळ्यांच्या जागेवर गेला होता. त्या मालकांनी हरकत घेतली नव्हती. बैठकीला त्यातले एक दादा आले होते. ते म्हणाले होते, "आपलं काय जातंय? शाळेचं हाय, शाळा बघंल." नंतर ते माझ्या दारात आले. त्यांना काय सांगावे, मला सुचेना. मैदान वाचवताना रस्ता मग कुठे जाईल, हे मीही विचारले नव्हते. तेव्हापासून मी सांगतो, नकाशा पाहायचा तो आपल्या कुंपणापुरता पाहायचा नाही, साऱ्या गावाचा पाहायचा.

आरक्षण पडले म्हणजे जमीन फुकट गेली, असे मात्र नाही. जमीन घेतली तर मोबदला मिळतो. तो पैशात असतो किंवा बांधकामाच्या हक्काच्या रूपात असतो. दहा वर्षांत जमीन घेतलीच नाही, तर मालकाला कायद्याने नोटीस देता येते. अशा वेळी जाणत्या वकिलाला विचारूनच पुढे जावे. दलालाच्या बोलण्यावरून जमीन विकू नये.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. मतदार यादी कच्ची असतानाच आपले नाव तपासावे.
२. घरपट्टीची प्रत्येक पावती जपून ठेवावी.
३. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.
४. चावडीवरची, वर्तमानपत्रातली नोटीस वाचावी. तिच्यात गावाचे नाव आणि मुदतीची तारीख आधी शोधावी.
५. माहिती मिळत नसेल, तर २००५ सालच्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करावा. अर्जाला १० रुपये लागतात. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला शुल्क माफ आहे.
६. मताच्या आदल्या रात्री साडी किंवा पैसे घेऊन कोणी आले, तर मनात हिशेब करावा. साडी वर्षभर टिकते, नगरसेवक पाच वर्षे राहतो आणि नकाशा वीस वर्षे.

आमच्या शाळेचे मैदान आजही आहे. संध्याकाळी तिथे पोरे खेळतात. त्यांना ही गोष्ट ठाऊक नाही. पण तुम्ही हा पाठ वाचू शकलात, म्हणजे फळ्यावरचा कागदही वाचू शकता. उद्या चावडीवरून जाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि तो वाचा.