तीन मिनिटांचे गाणे आणि नवे कान

नववीच्या वर्गाला ध्वनीचा धडा शिकवताना एकदा मी घरचा किल्लीचा ग्रामोफोन शाळेत नेला होता. सोबत वडिलांच्या संग्रहातील एकच तबकडी होती, सूरश्री केसरबाई केरकर यांच्या गाण्याची. लहानपणी ती इतक्या वेळा ऐकली होती, की तान कुठे सुरू होते आणि सम कुठे येते हे मला पाठ झाले होते. ती ऐकण्याची मुलांना जितकी उत्सुकता होती, त्याहून ती ऐकवण्याची मला अधिक होती.

किल्ली दिली, सुई टेकवली, आणि वर्गात हशा पिकला. आधी नुसती खरखर आणि मग एक पातळ, चिरका, घाईघाईने गाणारा आवाज. "सर, कार्टून!" मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले. मला मुलांचा राग आला नाही. वाईट वाटले ते केसरबाईंसाठी. त्यांचा आवाज भरदार आणि खुला म्हणून नावाजलेला. आणि नव्या श्रोत्यांना त्यांची ओळख मी अशी करून दिली होती!

मी सुई उचलली. चूक कोणाची होती? मुलांची नव्हे, गाणाऱ्या बाईंचीही नव्हे. जुने गाणे नव्या कानांपर्यंत पोचवायचे तर त्याच्याबरोबर आणखी काही गोष्टी द्याव्या लागतात, आणि त्या मी दिल्या नव्हत्या. त्या कोणत्या, ते आता पाहू.

तबकडीत गाणे कुठे असते?

ध्वनी म्हणजे हवेतील कंपने. तबकडीवर बाहेरून आत जाणारी एकच लांबलचक, चक्राकार खाच असते. भिंगातून पाहिली तर ती सरळ नसून नागमोडी दिसते. ही वळणे म्हणजेच गाणे. तबकडी फिरू लागली, की खाचेतील सुई वळणांप्रमाणे डावीउजवीकडे हलते. सुईला जोडलेला पातळ पडदा तसाच थरथरतो, पडद्यामुळे हवा कंप पावते आणि कर्णा ती कंपने खोलीत पसरवतो. किल्लीच्या ग्रामोफोनात विजेचा संबंधच नसतो. थॉमस एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला तो नळकांड्यावर ध्वनी उमटवणारा. सपाट तबकडीचा ग्रामोफोन एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये पुढे आणला.

या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १.३ फेरे. दहा इंची तबकडीची सर्वांत बाहेरची खाच केंद्रापासून सुमारे १२ सेंटिमीटरवर असते. तिचा परीघ सुमारे ७५ सेंटिमीटर. म्हणजे सुईखालून दर सेकंदाला जवळजवळ एक मीटर खाच सरकते. सेकंदाला २४० कंपनांचा स्वर असेल, तर त्याचे एक वळण साधारण ४ मिलिमीटर लांबीचे होते. आता लक्षात ठेवा: वळणांची लांबी तबकडीत कायमची कोरलेली आहे. सेकंदाला किती वळणे सुईखालून जातील, हे मात्र तबकडी फिरवणारा ठरवतो.

वेग चुकला की आवाज चुकतो

मी तबकडीच्या काठावर कागदाचा कपटा चिकटवला आणि एका मुलीला घड्याळ लावून फेरे मोजायला सांगितले. अर्ध्या मिनिटात ३९ फेरे व्हायला हवेत. झाले ४४. म्हणजे यंत्र मिनिटाला ८८ फेरे घेत होते. वेग आवरणाऱ्या नियंत्रकाचा खटका जागेवरून सरकला होता.

८८ ला ७८ ने भागा. उत्तर येते सुमारे १.१३. याचा अर्थ तबकडीतील प्रत्येक कंपनसंख्या १.१३ पट झाली. पुस्तकात षड्जाची कंपनसंख्या २४० आणि ऋषभाची २७० दिलेली असते. त्यांचे गुणोत्तर १.१२५. म्हणजे आमच्या ग्रामोफोनने केसरबाईंना जवळजवळ एक पूर्ण स्वर वर चढवले होते. गायिकेने षड्ज लावला, तो आम्हाला ऋषभाच्या जागी ऐकू आला.

मग गाणे बेसूर का वाटले नाही? कारण सगळेच स्वर सारख्या पटीने वाढले. षड्ज २४० चा २७१ झाला, तर पंचम ३६० चा ४०६. दोघांतील २ : ३ हे गुणोत्तर कायम राहिले. राग गुणोत्तरांवर उभा असतो, त्यामुळे राग बिघडला नाही. बिघडला तो आवाज. प्रत्येकाच्या घशाची आणि तोंडाची पोकळी ठरावीक कंपनांना अधिक उठाव देते. त्यावरूनच आपण आईचा आणि मावशीचा आवाज वेगळा ओळखतो. लहान मुलाची पोकळी लहान, म्हणून तिची ही खास कंपने अधिक उंच. तबकडी जलद फिरली, की मोठ्या माणसाची कंपनेही वर सरकतात आणि कानाला वाटते, कोणी लहान मूल गात आहे.

अशी फसगत मोठमोठ्या संशोधकांचीही झाली आहे. पॅरिसमध्ये एदुआर-लेओं स्कॉट याने १८६० मध्ये काजळी धरलेल्या कागदावर गाण्याची कंपने रेखाटली होती. ती परत ऐकण्याची सोय त्याच्या यंत्रात नव्हतीच. २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी त्या रेघांच्या प्रतिमा घेऊन संगणकाच्या साहाय्याने त्यांतून ध्वनी काढला. पहिल्यांदा तो एखाद्या स्त्रीचा किंवा मुलीचा आवाज वाटला. पुढे कळले, की वेग दुप्पट धरला गेला होता. तो पुरुषाचा, बहुधा खुद्द स्कॉटचाच आवाज होता.

मिनिटे तीनच का?

खटका जागेवर आणल्यावर मुलांनी दुसरा प्रश्न विचारला, "सर, गाणे केवढे आहे?" तीन मिनिटांच्या आसपास, मी म्हणालो. बैठकीत तासभर चालणारा राग तीन मिनिटांत का उरकायचा? याचेही उत्तर गणितात आहे. दहा इंची तबकडीवर खाचेला मिळणारी जागा साधारण ६० मिलिमीटर रुंद. एका मिलिमीटरात खाचेचे सुमारे चार फेरे बसतात, म्हणजे एकूण २४० फेरे. मिनिटाला ७८ फेरे या हिशेबाने ते तीन मिनिटांत संपतात. बारा इंची तबकडीवर मिनिटभर अधिक मिळते, इतकेच.

गायकांच्या दृष्टीने ही अडचण होती. पण तिच्यामुळे त्यांना रागाचे सार काढावे लागले: दोनचार स्वरांत रागाचे रूप, बंदिश, काही निवडक ताना आणि समाप्ती. तासभराची बैठक ज्याला जड वाटेल, त्याला हे तीन मिनिटांचे गाणे दार उघडून देते. गायकांची अडचण नव्या श्रोत्यांची सोय झाली आहे.

खरखरीच्या पलीकडे

आता उरली खरखर. या तबकड्या लाखेच्या असत. लाख म्हणजे झाडांवरील बारीक कीटकांनी तयार केलेली राळ. तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळत. पुडीमुळे तबकडी कणखर होई आणि पोलादी सुई खाचेच्या आकाराप्रमाणे घासली जाई. मात्र पुडीच्या कणांवरून सुई जाताना खरखर होते. शिवाय १९२५ पूर्वीच्या तबकड्या मायक्रोफोनशिवाय बनत. गायक कर्ण्यात तोंड घालून गाई आणि त्याच्या आवाजाच्या बळावरच सुई खाच कोरी. त्यांत फार खालची आणि फार वरची कंपने उतरतच नसत.

तरीही तंबोऱ्याचा खर्ज आपल्याला ऐकू येतो, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. समजा खर्जाची कंपनसंख्या १२० आहे. तारेतून केवळ १२० नव्हे, तर २४०, ३६०, ४८० अशी पटीतील कंपनेही निघतात. यंत्राने १२० गाळले, तरी बाकीची कानावर पडतात. त्यांच्यात १२० चे अंतर आहे हे ओळखून मेंदू गाळलेला मूळ स्वर आपल्या पदरचा घालतो. मोबाइलच्या बोटभर ध्वनिक्षेपकातून तुम्ही जाड आवाज ओळखता, तेही यामुळेच. जुनी तबकडी अर्धे गाणे देते आणि अर्धे आपल्या मेंदूकडून पुरे करून घेते. फक्त त्याला थोडा वेळ आणि थोडा सराव लागतो.

म्हणून दुसऱ्यांदा सुई टेकवताना मी मुलांना एक काम दिले. "खरखर ऐकू नका. तबला ऐका. सम आली असे वाटेल तेव्हा बोट वर करा." पहिल्या आवर्तनात बोटे वाटेल तशी वर झाली. काही जण शेजाऱ्याकडे पाहत होते. हळूहळू कुजबुज थांबली. शेवटच्या आवर्तनांत समेवर जवळजवळ सगळी बोटे एकदम उठली आणि मुलेच चकित होऊन एकमेकांकडे पाहू लागली. तबकडी संपल्यावर क्षणभर कोणी बोलले नाही. मग "कार्टून" म्हणणारा तोच आवाज मागच्या बाकावरून आला, "सर, पुन्हा लावा ना."

त्या तीन शब्दांचा आनंद काय असतो, हे आपल्या आवडीचे काही दुसऱ्याला दिल्याशिवाय कळत नाही. मी मात्र म्हणालो, "आज नाही."

ऐकले की झिजते

पोलादी सुई आणि तिच्यावरचा जड पडदा यांमुळे तबकडी दर वेळी थोडी झिजते. आधी नाहीशी होतात ती खाचेतील सर्वांत बारीक वळणे, म्हणजे आवाजातील वरची कंपने. जे गाणे आपण प्रेमाने वारंवार वाजवतो, तेच आपल्या हातून लवकर पुसले जाते. म्हणून एकदाच नीट वाजवून त्याची अंकीय प्रत करून ठेवणे चांगले.

यासाठी काही ग्रॅमच भार टाकणारी, हलकी विजेची यंत्रे मिळतात. मात्र ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असल्याने तिला रुंद टोकाचीच सुई लागते. पुढच्या काळातील लाँग प्लेइंग तबकड्यांची बारीक सुई चालत नाही. संगणक सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेऊन आकडे लिहितो. माणसाला फार तर सेकंदाला २०,००० कंपने ऐकू येतात. मापे त्याच्या दुपटीहून अधिक घेतली, की ऐकू येणारे काहीही सुटत नाही. तीन मिनिटांचे गाणे म्हणजे ७९ लाख ३८ हजार आकडे! आकडे झिजत नाहीत. त्यांच्या कितीही प्रती काढा, पहिली आणि हजारावी सारखीच.

खरखर पुसण्याची साधनेही संगणकात असतात. ती जपून वापरावीत. खरखरीची कंपने आणि आवाजाला धार देणारी कंपने एकाच टापूत असल्याने, खरखर फार पुसली की आवाजही बोथट होतो. पुसलेली प्रत करा, पण मूळ प्रत तशीच ठेवा.

जे ध्वनिमुद्रित झालेच नाही, त्याला मात्र इलाज नाही. केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँ हे जयपूर-अत्रौली घराण्याचे थोर गायक. त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. ते गाणे आज केवळ शिष्यांच्या गळ्यातून ऐकायचे.

सर्वांत दूरचा श्रोता

आणि केसरबाईंचे? तेच तर मी मुलांना शेवटी सांगण्यासाठी राखून ठेवले होते. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली, एक २० ऑगस्टला आणि दुसरे ५ सप्टेंबरला. दोन्हींवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तबकडी आहे. कार्ल सेगन यांच्या समितीने तिच्यासाठी साऱ्या पृथ्वीवरून संगीताचे २७ नमुने निवडले. त्यांत भारताचा एकच आहे: केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवी, साडेतीन मिनिटांची. तबकडीवर ५५ भाषांतील अभिवादने आहेत. त्यांत मराठीही आहे. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ रोजी, दुसरे यान सुटल्यावर अकराव्या दिवशी वारल्या. पहिल्या क्रमांकाचे यान आज २,४०० कोटी किलोमीटरहून अधिक दूर गेले आहे.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्या तबकडीचे आवरण. ऐकणारा कोण असेल, त्याला आपली भाषा, आपले सेकंद ठाऊक असतील का, हे शास्त्रज्ञांना माहीत नव्हते. म्हणून त्यांनी आत सुई ठेवली, ती कशी टेकवायची याचे चित्र आवरणावर कोरले आणि एका फेऱ्याला ३.६ सेकंद लागावेत, हे हायड्रोजनच्या अणूतून मिळणाऱ्या कालमापात लिहिले. हायड्रोजन विश्वात सगळीकडे आहे, तेव्हा हे माप कोणालाही कळावे. तबकडी केव्हाची आहे हे समजावे, म्हणून आवरणावर युरेनियमचा ठिपकाही ठेवला. त्याच्या क्षयावरून काळ मोजता येतो. अनोळखी श्रोत्याला गाण्याबरोबर त्याचा वेग, त्याचे साधन आणि त्याचा काळ त्यांनी दिला. माझ्या वर्गात मी नेमके हेच विसरलो होतो.

तुमच्या घरी, आजोळी किंवा शेजारी माळ्यावर अशा तबकड्या असतील. त्या उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. पडल्या तर त्या काचेसारख्या फुटतात. स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख त्यात विरघळते. आजीआजोबांना विचारून एका कागदावर लिहा: कोण गाते, कोणता राग किंवा नाटक, वेग किती, घरात ही तबकडी कोणी आणली. नवा श्रोता आला, की आधी फेरे मोजा, मग काय ऐकायचे ते त्याला सांगा आणि त्यानंतरच सुई टेकवा. पहिल्यांदा तो हसला, तर हसू द्या. दुसऱ्यांदा ऐकवा.