नाकातलं मांस पुन्हा पुन्हा का वाढतं?

नाकाचं ऑपरेशन होऊन दोन-तीन वर्षं झाली आणि नाक पुन्हा चोंदायला लागलं, की घरात दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक, डॉक्टरनी काम अर्धवट केलं. दुसरी, ‘आम्ही आधीच म्हणत होतो, नाकाचं ऑपरेशन करूच नये.’ बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. नाकातलं हे मांस, म्हणजे पॉलिप, पुन्हा येणं हा या आजाराचा स्वभाव आहे. तो समजला तर ऑपरेशनकडून काय मागायचं आणि रोज घरी काय करायचं, हे ठरवणं सोपं जातं.

वाढतं ते काय?

‘मला सायनस आहे’ असं आपण सहज म्हणतो, पण सायनस सगळ्यांनाच असतात. गालांच्या हाडांत, कपाळात, डोळ्यांच्या मधोमध आणि खूप आत, कवटीच्या तळाशी, अशा हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या. त्यांच्या आतलं अस्तर सतत पातळ स्राव तयार करतं आणि सूक्ष्म केसांसारखे तंतू तो अरुंद वाटांनी नाकात ढकलत राहतात. या वाटा सुजून बंद झाल्या, की स्राव आत साठतो. नाक चोंदणं, घट्ट शेंबूड किंवा घशात उतरणारा कफ, चेहऱ्यावर दाब, वास न येणं, यांपैकी किमान दोन तक्रारी १२ आठवडे किंवा त्याहून जास्त राहिल्या आणि त्यांत पहिल्या दोनांपैकी एक असली, तर डॉक्टर जुनाट सायनसायटिसचा विचार करतात.

यातल्या काही रुग्णांचं अस्तर सुजता सुजता लोंबू लागतं. सोललेल्या द्राक्षांसारखे दिसणारे, फिकट, पाणीदार हे गोळे म्हणजे पॉलिप. बोलीत याला ‘नाकातलं मांस वाढलं’ म्हणतात, काही ठिकाणी ‘हाड वाढलं’. हाडाशी मात्र त्याचा संबंध नाही; नाकाचा पडदा वाकडा असणं ही निराळी गोष्ट. दोन्ही बाजूंना असणारे नेहमीचे पॉलिप कर्करोगाचे नसतात आणि ते सहसा दुखतही नाहीत.

न दुखण्याचा हा मुद्दा महत्त्वाचा, कारण डोकं दुखलं की आपण बोट सायनसकडे दाखवतो. २००४ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘सायनसची डोकेदुखी’ आहे असं स्वतः समजणाऱ्या किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेल्या २,९९१ लोकांपैकी ८८ टक्क्यांचं दुखणं मायग्रेनच्या प्रकारातलं निघालं. डोकं दुखतंय, पण नाक मोकळं आहे आणि वासही नीट येतोय, अशा माणसाने वाफारे घेत वर्षं काढण्यात अर्थ नाही.

खोड अस्तराची

पॉलिप असलेल्या बऱ्याच रुग्णांच्या अस्तरात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गर्दी करतात. इंटरल्युकिन ४, ५ आणि १३ अशी आकड्यांची नावं असलेली रसायनं ही गर्दी जमवतात आणि टिकवतात. दम्यातही बहुतेकदा हीच रसायनं सापडतात, म्हणून पॉलिप आणि दमा पुष्कळदा एकाच घरात, एकाच माणसात भेटतात. नाक बिघडलं की दमा उसळतो, हा अनुभव अनेकांना असतो. छातीचा डॉक्टर वेगळा आणि नाकाचा वेगळा असला, तर दोघांना एकमेकांचे कागद दाखवायलाच हवेत.

शरीराची ही खोड सुरीने कापता येत नाही. बेल्जियममधल्या घेंट इथल्या डॉक्टरांनी ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या एका लहान गटाला १२ वर्षांनी पुन्हा तपासलं. जवळजवळ पाचांतल्या चौघांच्या नाकात पॉलिप परतले होते. मात्र दुसरं ऑपरेशन लागलं ते साधारण एक तृतीयांशांहून थोड्या जास्त लोकांना, आणि एकूण तक्रारी ऑपरेशनपूर्वीपेक्षा कमीच होत्या. दुर्बिणीत पॉलिप दिसणं आणि माणसाला त्रास होणं, यांत बरंच अंतर असतं.

ऑपरेशन कशासाठी?

पॉलिप उपटून काढण्याचा उद्योग फार जुना आहे. ग्रीसच्या हिपॉक्रेटिसच्या परंपरेत दोऱ्याला स्पंज बांधून तो नाकातून घशाकडे ओढून काढायची पद्धत होती. रुग्णाचं काय होत असेल याची कल्पना न केलेली बरी. खरा बदल झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या काचदांड्यांच्या दुर्बिणीमुळे नाकाच्या आत स्पष्ट पाहता येऊ लागलं. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी स्राव कुठल्या वाटेने वाहतो हे दाखवलं, आणि १९८५ च्या सुमारास अमेरिकेत डेव्हिड केनेडी यांनी दुर्बिणीतून होणाऱ्या सायनसच्या शस्त्रक्रियेला आज रूढ असलेलं नाव दिलं. आपल्याकडे तिला सरसकट ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हणतात.

त्यात पॉलिप निघतात, हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे सायनसची दारं रुंद करणं, म्हणजे पुढे औषध आत पोचेल. चोंदलेल्या नाकात मारलेला फवारा पुढच्या पॉलिपवरच आदळून खाली गळतो. मोकळ्या नाकात तो सुजलेल्या अस्तरापर्यंत जातो. ऑपरेशननंतर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून फवारा बंद करणं म्हणजे ज्यासाठी ऑपरेशन केलं तेच सोडून देणं. घरी सोडताना हे रुग्णाला ठासून सांगायला हवं, आणि नेमकं तेच घाईत राहून जातं.

धुणं आणि फवारा

हा सगळ्यात कंटाळवाणा उपचार, आणि सगळ्यात उपयोगी. मिठाच्या पाण्याने नाक धुतलं की घट्ट स्राव, धूळ, परागकण आणि खपल्या निघतात. जलनेती आपल्याला अनोळखी नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधामसारख्या योगसंस्थांत ती शिकवली जाते, आणि दवाखान्यात मिळणारी प्लास्टिकची बाटली त्याच कामाची. बाटलीने पाणी जरा जोराने जातं, म्हणून ऑपरेशन झालेल्या नाकाला ती सहसा बरी पडते.

पाणी मात्र नळाचं थेट घेऊ नये. उकळून कोमट केलेलंच घ्यावं. २०११ मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुतल्यावर नेग्लेरिया नावाच्या अमिबाने दोघांचा जीव घेतला. हा संसर्ग अतिशय दुर्मीळ आहे, पण केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत त्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. असलं पाणी पिऊन काही होत नाही, नाकात खोल गेलं तर होतं. घरच्या गाळणयंत्रावर विसंबण्यापेक्षा पातेलं गॅसवर ठेवणं सोपं. एक लिटर पाण्याला साधारण ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. मीठ कमी पडलं तर नाक झोंबतं, फार झालं तरी झोंबतं. धुऊन झाल्यावर पुढे वाकून डोकं दोन्ही बाजूंना फिरवावं, नाहीतर तासाभराने चपला घालायला वाकलात की पाणी टपकतं. बाटली धुऊन कोरडी ठेवावी.

धुतल्यानंतर थोड्या वेळाने फवारा. मोमेटासोन, फ्लुटिकासोन, बुडेसोनाइड ही त्यातली नेहमीची स्टिरॉइडं. ‘स्टिरॉइड’ म्हटलं की घरचे दचकतात, पण फवाऱ्याचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि त्यातलं फारच थोडं रक्तात जातं. गोळीचा डोस मिलिग्रॅममध्ये असतो. दोन्हींची तुलनाच चुकीची. फवारा मारायची रीत मात्र बहुतेकांना कोणी दाखवलेली नसते. मान किंचित पुढे, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने आणि उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, टोक कानाच्या दिशेने. मधल्या पडद्यावर मारला तर नाकातून रक्त येतं. जोरात ओढू नये. ओढलेलं औषध घशात जाऊन कडू लागतं आणि वाया जातं. परिणाम दिसायला आठवडे लागतात. चार दिवसांत नाक उघडलं नाही म्हणून बाटली बाजूला टाकणारे खूप असतात.

झटपट थेंब आणि गोळ्या

पाच मिनिटांत नाक उघडणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब सर्दीत दोन-चार दिवस ठीक. आठवड्यापलीकडे गेलात की थेंबाचा असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस उशीखाली बाटली ठेवून झोपू लागतो. पॉलिप त्यांनी कमी होत नाहीत.

स्टिरॉइडच्या गोळ्या खरोखर जादू करतात. पाच-सात दिवसांत पॉलिप आक्रसतात आणि वास परत येतो. पण गोळ्या थांबल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जुने दिवस सुरू होतात. म्हणून मग जुनी चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवून पुन्हा कोर्स घेतला जातो, आणि इथेच घात होतो. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. २०२१ मध्ये कोविडनंतर आलेल्या काळ्या बुरशीचं आठवतंच. अनियंत्रित मधुमेह आणि तोंडावाटे किंवा शिरेतून घेतलेली भरपूर स्टिरॉइडं ही तिची मोठी कारणं होती. वर्षातून दुसऱ्यांदा गोळ्यांची गरज भासली, तर उपचाराची पूर्ण आखणी बदलायची वेळ आली असं समजावं.

वेदनाशामक गोळी आणि दमा

पॉलिप असलेल्या काही जणांना अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी गोळी घेतल्यावर तास-दोन तासांत नाक गच्च होतं, डोळे लाल होतात, दम लागतो. फ्रान्समध्ये विदाल यांनी १९२२ मध्ये याची नोंद केली होती. १९६८ मध्ये मॅक्स सॅम्टर आणि रोलँड बीअर्स यांनी पॉलिप, दमा आणि अ‍ॅस्पिरिन या तिघांची जोडणी तपशिलाने मांडली, म्हणून त्याला ‘सॅम्टरचं त्रिकूट’ म्हणतात. यातल्या काहींना दारूच्या दोन घोटांनीही नाक चोंदल्याचा अनुभव येतो. अशा रुग्णांत पॉलिप विशेष लवकर परततात.

आपल्याकडे अडचण अशी, की ‘पॅरासिटामॉलच तर आहे’ म्हणून घेतलेल्या गोळीत असेक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मिसळलेलं असतं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचावीत. दाताच्या डॉक्टरांना, हाडांच्या डॉक्टरांना आणि हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन लिहिणाऱ्यांना हे आधी सांगावं. रुग्णालयात देखरेखीखाली अ‍ॅस्पिरिनची मात्रा हळूहळू वाढवून शरीराला सवय लावण्याचा उपचारही आहे. घरी करून पाहायची ही गोष्ट नव्हे.

वास गेल्यावर

फोडणी करपली ते शेजारच्या खोलीतल्या माणसाला आधी कळतं आणि चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईला कळत नाही. आमटी आंबली आहे का, हे कोणालातरी विचारावं लागतं. जेवणातली चव उरते ती खारट, आंबट, तिखटापुरती, आणि मग ताटात मीठ-चटणी वाढत जाते. एकट्या राहणाऱ्याने स्वयंपाकघरात गॅसगळती ओळखणारं यंत्र लावून घ्यावं, कारण सिलिंडरच्या वायूत मुद्दाम मिसळलेला दर्प त्याच्या उपयोगाचा नाही. उरलेल्या अन्नाच्या डब्यावर तारीख लिहावी.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज दोनदा लक्षपूर्वक हुंगण्याचा सराव २००९ मध्ये मांडला. विषाणूमुळे वास गेलेल्यांना तो जास्त उपयोगी पडतो. पॉलिपमध्ये आधी वाट मोकळी व्हावी लागते.

नवी इंजेक्शनं

अस्तराच्या या सुजेमागच्या घटकांनाच अडवणारी औषधं आता आली आहेत. अमेरिकेत पॉलिपसाठी २०१९ मध्ये ड्युपिलुमॅबला मान्यता मिळाली, २०२० मध्ये ओमालिझुमॅबला आणि २०२१ मध्ये मेपोलिझुमॅबला. दोन किंवा चार आठवड्यांनी त्वचेखाली टोचायची ही इंजेक्शनं अनेकांचे पॉलिप लहान करतात आणि वास परत आणतात. पण थांबवली की आजार डोकं वर काढतो, आणि किंमत बहुतेक घरांना झेपणारी नाही. वारंवार ऑपरेशन, जोडीला दमा, गोळ्यांशिवाय भागत नाही, अशांनी तरी डॉक्टरांकडे हा विषय काढावा.

वाट पाहू नये तेव्हा

एकाच बाजूचं नाक चोंदतंय, त्याच बाजूने रक्त येतंय, तर ‘नेहमीचाच पॉलिप’ म्हणू नये. सीटी स्कॅन आणि गरजेनुसार तुकडा तपासणं आवश्यक असतं. एकाच बाजूने घाण वासाचा स्राव येत असेल, तर वरच्या दाढेचं मूळ किडलेलं असू शकतं, किंवा बुरशीचा गोळा. लहान मुलाच्या नाकात पॉलिप दिसला तर तोही वेगळ्या तपासणीचा विषय. आणि ताप, डोळ्याभोवती सूज, एकाचं दोन दिसणं, मान आखडणं किंवा कपाळात असह्य दुखणं असं काही झालं, तर सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच रात्री, जुन्या सीटीच्या फिल्म सोबत घेऊन, मोठ्या रुग्णालयात जावं.