ठिगळ लागेल अशी बोट

ब्रिटिश नौदलातल्या लेफ्टनंट पीटर हॅल्केटने 1840च्या दशकात एक अजब झगा तयार केला. एरवी तो पावसात अंगावर घ्यायचा. पाणी आडवं आलं की भात्याने त्यात हवा भरायची, की झाली होडी. हातातल्या काठीचं वल्हं व्हायचं आणि छत्रीचं शीड. नौदलाने कल्पकतेचं कौतुक केलं आणि आमच्या कामाची ही वस्तू नाही, असं कळवून टाकलं. डॉ. जॉन रे मात्र 1846च्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेवर हॅल्केटची एक होडी सोबत घेऊन गेला आणि तिने त्याला चांगली साथ दिली. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्क्नी बेटांवरच्या स्ट्रॉमनेस संग्रहालयात अशी एक होडी अजून जपून ठेवलेली आहे.

म्हणजे रबरी कापडात हवा भरून पाण्यावर जाता येतं, हे माणसाला कळून पावणेदोनशे वर्षं होऊन गेली. ती होडी फाटली तर काय करायचं, याचं उत्तर शोधायला मात्र पुढचा बहुतेक काळ गेला. हे उत्तर सगळ्यांत जास्त कोणाला हवं होतं, तर मासे धरणाऱ्याला. सहलीला जाणारा माणूस बोटीत पाण्याची बाटली नेतो. मासेमार गळ, सुरी आणि लोखंडी नांगर घेऊन बसतो, आणि वर शिंगाळ्यासारखा काटेरी, तडफडणारा मासा स्वतःच्या हाताने आत ओढून घेतो.

सुरुवातीची अडचण कापडाचीच होती. नैसर्गिक रबर उन्हाने तडकतं आणि तेल-पेट्रोल लागलं की फुगतं. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत 1930 मध्ये निओप्रीन हे कृत्रिम रबर तयार झालं आणि वाट मोकळी झाली. फ्रान्समध्ये झोडिअॅक ही मुळात फुगे आणि हवाई जहाजं बनवणारी कंपनी. तिथल्या पिअर दब्रुतेल या अभियंत्याने 1934 मध्ये फुगवता येणाऱ्या होडीचा पहिला नमुना केला. पुढच्या काही वर्षांत त्याला आजचा परिचित आकार आला: घोड्याच्या नालासारखी वळलेली हवेची नळी आणि मागे इंजिन टांगायला लाकडी फळी. आजही बाजारातल्या बहुतेक रबरी बोटी याच आराखड्यावर चालतात.

ती खुल्या समुद्रात तगते का, याची परीक्षा घेतली एका डॉक्टरने. जहाज बुडाल्यावर वाचलेली माणसं तहान-भुकेपेक्षा हताशेने आधी मरतात, असं अलँ बोंबार या फ्रेंच डॉक्टरचं म्हणणं होतं. ते सिद्ध करायला 19 ऑक्टोबर 1952 रोजी कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून तो एकटाच निघाला. बोट झोडिअॅकची, जेमतेम साडेचार मीटर लांब, वर एक छोटं शीड. बोटीचं नावही त्याने ‘लेरेतिक’, म्हणजे पाखंडी, असं ठेवलं होतं. मासे धरून, त्यांचा रस पिळून पीत, बारीक जाळीने प्लवक गोळा करत तो 65 दिवसांनी, 23 डिसेंबरला बार्बाडोसला लागला. वजन 25 किलोंनी उतरलं होतं. समुद्राचं पाणी थोडंथोडं पिता येतं, या त्याच्या दाव्यावर पुढे कडाडून वाद झाले आणि ते रास्तच होते. बोट मात्र त्या वादात हरली नाही. वाटेत त्याला तलवारमाशाची धास्ती होती. एक टोक घुसलं की खेळ संपला.

बोंबार निघाला त्याच्या आदल्या वर्षी, 1951 मध्ये, ड्यूपाँने हायपॅलॉन बाजारात आणलं होतं. रबरी बोटींच्या इतिहासात त्याच्याइतकी महत्त्वाची वस्तू दुसरी नाही. ऊन, ओझोन, खारं पाणी, पेट्रोल या सगळ्यांना ते दाद देत नाही. मग घडी अशी बसली: मध्ये नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं विणलेलं कापड, आतून हवा धरून ठेवायला निओप्रीन, बाहेरून ऊन सोसायला हायपॅलॉन. आणखी एक गुण होता, ज्याची जाहिरात कधी मोठ्या अक्षरांत झाली नाही. या कापडाचे जोड हाताने, डिंकाने चिकटवलेले असतात. हाताने चिकटवलेलं हाताने सोडवून पुन्हा चिकटवताही येतं.

तळाचा प्रश्न वेल्समध्ये सुटला. समुद्राकाठच्या सेंट डोनॅट्स किल्ल्यात 1962 मध्ये अटलांटिक कॉलेज सुरू झालं. नौदलातून निवृत्त झालेले रिअर अॅडमिरल डेस्मंड होअर तिथले मुख्याध्यापक. मुलांच्या शिडाच्या होड्यांवर लक्ष ठेवायला रबरी बोटी होत्या, पण दगडगोट्यांच्या किनाऱ्यावरून रोज ओढून त्यांचे कापडी तळ झिजायचे. होअर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तळाला प्लायवूड लावून पाहिलं, मग पुढचे प्रयोग करत कडक तळ आणि वर हवेची नळी अशी बोट घडवली. पेटंट होअरने ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेला, आरएनएलआयला, एका पौंडात देऊन टाकलं, आणि तो धनादेशही कधी वटवला नाही. 1972 मध्ये सेवेत आलेल्या त्या संस्थेच्या नौकेला कॉलेजवरूनच ‘अटलांटिक 21’ हे नाव मिळालं. आज तटरक्षकांपासून पाणबुड्यांपर्यंत सगळे वापरतात त्या ‘रिब’ बोटींचा उगम शाळकरी मुलांच्या दुरुस्तीकामात आहे.

पण मासेमारी आणि दुरुस्ती यांची खरी गाठ पडली ती 1982 मध्ये, भर अटलांटिकमध्ये. स्टीव्हन कॅलाहन या अमेरिकन नौका-रचनाकाराची शिडाची होडी कॅनरी बेटं सोडल्यावर काही दिवसांतच, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, रात्री बुडाली. हाताशी राहिला सहा माणसांचा एव्हॉन तराफा. तो गरजेपेक्षा मोठा घेतला होता म्हणून निभावलं. तराफ्याखाली डोराडो, म्हणजे माही-माही माशांचा थवा जमला आणि त्यांना भाल्याने टिपत कॅलाहन जगत राहिला. 43व्या दिवशी एका डोराडोने मोडका भाला अंगात घेऊनच तराफ्याला धडक दिली आणि खालच्या नळीला मोठी चीर पाडली.

पुढचे दहा दिवस या माणसाने जे केलं ते रबरी बोट विकत घेणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवं. ओल्या कापडाला डिंक धरत नाही. चिरेत फोमचे तुकडे कोंबायचे, वरून कापडाचे ओठ आवळून दोरी बांधायची, हवा भरायची. थोड्या वेळाने गाठ निसटायची आणि सगळं पुन्हा. उपाशी, पाण्यात अर्धा बुडालेला माणूस दिवसरात्र हातपंप मारत होता. शेवटी त्याने जेवणाचा काटा त्या ओठांतून आरपार घातला, त्याच्या आधाराने दोरी पक्की केली आणि गाठ टिकली. 76व्या दिवशी ग्वादलूपजवळच्या मारी-गालांत बेटाच्या मासेमारांना दूरवर पक्ष्यांचा घोळका दिसला. तिथे मासे असणार म्हणून ते गेले, तर खाली कॅलाहन.

तोवर बाजार बदलू लागला होता. पीव्हीसीचं कापड स्वस्त, त्याचे जोड यंत्राने उष्णता देऊन वितळवून जोडता येतात, माणसं कमी लागतात. चांगलं पीव्हीसी वाईट नसतं, हे म्हणायलाच हवं. थंड देशात, वापर झाल्यावर सावलीत ठेवलेली अशी बोट वर्षानुवर्षं टिकते. उष्ण कटिबंधात मात्र चित्र वेगळं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं रसायन उन्हाने हळूहळू बाहेर येतं, पृष्ठभाग चिकट होतो, मग कडक. ज्या स्वस्त पीव्हीसी बोटींचे जोड वितळवलेले नसून नुसते चिकटवलेले असतात, त्या दमट उकाड्यात शिवणीवरच सुटतात. नवं ठिगळ लावावं तर जुनं कापडच धरत नाही.

याच काळात जपानने रबरी बोटीला सामान्य मासेवेड्याच्या आवाक्यात आणलं. तिथल्या सरकारने 2003 मध्ये तीन मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि दीड किलोवॅटपेक्षा कमी ताकदीच्या इंजिनाच्या बोटींना परवाना आणि तपासणी यांतून सूट दिली. गाडीच्या डिकीत घडी करून न्यायची, किनाऱ्यावर फुगवायची, दोन अश्वशक्तीचं इंजिन लावायचं. अशा बोटी उलटण्याच्या घटनांवरून जपानी तटरक्षक दल इशारे देत असतं, तेही खरंच. तिथल्याच अॅकिलीस कंपनीने हायपॅलॉनच्या जातीचं कापड स्वतः बनवण्याचा हट्ट कायम ठेवला.

तो हट्ट 2010 मध्ये मोलाचा ठरला, कारण त्या सुमारास ड्यूपाँने हायपॅलॉनचं उत्पादनच थांबवलं. तेच रसायन आता जपानच्या टोसोसारख्या कंपन्या करतात. बाजारात मात्र जुनंच नाव चालतं. त्यामुळे आज नुसता ‘हायपॅलॉन’ हा शब्द ऐकून पैसे मोजणं भाबडेपणाचं आहे. कापड कोणत्या कारखान्याचं, अॅकिलीसचं की पेनेल अँड फ्लिपोचं ‘ऑर्का’, हे विक्रेत्याला सांगता आलं पाहिजे.

महाराष्ट्रात रबरी बोट लोकांना ठाऊक झाली ती वेगळ्याच कारणांनी. 26 नोव्हेंबर 2008च्या रात्री मुंबईत बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीजवळ दहशतवादी हल्लेखोर उतरले ते अशाच बोटीतून. 2019च्या महापुरात सांगली-कोल्हापूरच्या गल्ल्यांतून एनडीआरएफच्या बोटी फिरताना घराघरांत दिसल्या. मासेमारीसाठी कोकणातल्या कोळ्याने ती जवळ केली नाही, आणि त्याचं बरोबर आहे. जाळं काठावरून ओढायचं असतं, खडपांवर कालवांच्या धारदार कडा असतात; तिथे फायबरची होडीच बरी. ती फुटली तर गावातच कोणीतरी रेझिन आणि काचेची चटई लावून देतो. हौसेने गळ टाकणाऱ्याचं गणित निराळं. त्याच्याकडे बंदरात जागा नसते, फ्लॅटच्या बाल्कनीत मात्र असते.

अशा माणसाला कोकणची हवा आधी समजून घ्यावी लागते. 25 अंशांना 0.25 बार दाबाने भरलेली नळी उन्हात 45 अंशांपर्यंत तापली तर दाब 0.33 बारवर जातो, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. भर दुपारी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटीची हवा थोडी सोडावी लागते. दुसरं, दमटपणा. दोन भागांचा डिंक लावताना हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या आत हवी, नाहीतर द्रावक उडताना थंडावलेल्या थरावर बाष्प बसतं आणि ठिगळ महिन्याभरात सोलून निघतं. जुलैत कोकणात ही अट पुरी होणं अशक्यच. मोठी दुरुस्ती थंडीतल्या कोरड्या दुपारीच करायची: साबणाच्या पाण्याने गळती शोधायची, त्याच जातीचं कापड भोकाच्या चहूबाजूंनी पाच सेंटीमीटर जास्त घेऊन कोपरे गोल कापायचे, दोन्ही बाजू घासायच्या, डिंकाचे दोन-तीन पातळ हात द्यायचे, दाबून बसवायचं आणि निदान एक दिवस हात लावायचा नाही. हायपॅलॉनला निओप्रीनचा डिंक लागतो, पीव्हीसीला पॉलियुरेथेनचा. अदलाबदल चालत नाही.

खरेदीच्या वेळी लोक इंजिनाच्या ताकदीवर तासभर बोलतात. पाहायच्या गोष्टी साध्या आहेत: हवेचे कप्पे किमान तीन, व्हॉल्व्ह स्क्रूचा आणि सुटा मिळणारा, मागच्या फळीच्या प्लायवूडच्या कडा नीट बंद केलेल्या, तळाखाली घासपट्टी. आणि डिंक. तो ज्वलनशील, त्यामुळे हवाई मार्गाने पाठवण्यावर निर्बंध असतात, आणि परदेशातून मागवलेल्या बोटीच्या दुरुस्तीच्या पिशवीत कापडाचे तुकडे असले तरी डिंकाची नळी बरेचदा नसते. मुंबईत किंवा गोव्यात तो कोण विकतं, डब्यावर कोणती तारीख आहे, सोबतचं हार्डनर मिळतं का, ही चौकशी बोटीच्या आधी करावी लागते.