गावाचे पाय कोणी बांधले?

ऑगस्ट २०१६मध्ये अलास्कातल्या शिशमारेफ गावानं मतदान केलं. प्रश्न एकच होता : गाव हलवायचं की आहे तिथंच तटबंदी करून राहायचं? हलवायच्या बाजूनं ८९ मतं पडली, राहायच्या बाजूनं ७८. अकरा मतांच्या फरकानं गावानं गाव सोडायचं ठरवलं. २००२चा कौलही स्थलांतराच्याच बाजूनं होता. गाव मात्र अजून तिथंच आहे.

चुकची समुद्रातल्या सारिचेफ बेटावरची ही इनुपियाक लोकांची सहाशेच्या आतबाहेरची वस्ती. बेट वाळूचं, रुंदी अर्धा किलोमीटरसुद्धा नाही. ही वाळू दोन गोष्टींनी धरून ठेवली होती. जमिनीखाली बारमाही गोठलेला थर होता आणि शरदातली वादळं येण्याच्या सुमारास किनाऱ्यालगतचा समुद्र गोठायचा. तो बर्फ म्हणजे गावाचा तट. लाटा त्याच्यापलीकडंच अडायच्या. आता समुद्र उशिरा गोठतो, वादळं मात्र आपल्या वेळेला येतात. १९९७च्या वादळानंतर काठावरची घरं उचलून मागं न्यावी लागली. १९७९पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानं तापला, असा निष्कर्ष फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी २०२२मध्ये मांडला. शिशमारेफमध्ये हे तापणं घराच्या उंबऱ्याशी येऊन ठेपलं आहे.

समुद्र किती आत आला, हे मोजायला अनेक जण येऊन गेले. एलिझाबेथ मरिनो या मानववंशशास्त्रज्ञ गावात राहिल्या आणि त्यांनी आधीचा प्रश्न विचारला : एवढ्या नाजूक बेटावर ही माणसं मुळात अडकली कशी? २०१५मध्ये आलेलं त्यांचं पुस्तक, ‘फिअर्स क्लायमेट, सेक्रेड ग्राउंड’, या प्रश्नाचा माग काढतं. माग इतिहासात जातो. या लोकांच्या पूर्वजांचं बिऱ्हाड पाठीवर असे, पण ती वणवण नव्हती. सील कुठं, मासे कुठं, बोरं कधी पिकणार, याचा वर्षाचा फेरा ठरलेला असे. बेट हा त्या फेऱ्यातला एक मुक्काम होता. विसाव्या शतकात तिथं टपाल कार्यालय, चर्च आणि शाळा आली. मुलं शाळेत घालायची म्हणजे आईबापांनी जवळ राहायचं. मुक्कामाचं गावठाण झालं.

नैऋत्य अलास्कातल्या न्यूटॉकची कथा तर आणखी बोलकी. तिथल्या युपिक लोकांच्या गावाची जागा ठरली ती शाळेच्या बांधकामाचं सामान घेऊन येणारा बार्ज नदीतून जिथवर जाऊ शकला, तिथं. सोय बार्जची पाहिली गेली, जमिनीची नाही. पुढं निंगलिक नदी तीच जमीन गिळत गेली.

म्हणून ‘हवामानबदलाशी जुळवून घ्या’ हा सल्ला इथं विचित्र वाटतो. जुळवून घेणं या लोकांना नवं नाही. दाढीवाल्या सीलला इनुपियाक भाषेत ‘उगरुक’ म्हणतात. वसंताच्या अखेरीस फुटत्या बर्फाच्या लाद्यांमधून होड्या घालून त्याची शिकार होते. मांस मांडवांवर वाळवतात, चरबीचं तेल काढून वर्षभर पुरवतात. बर्फ लवकर गेला की शिकारी लवकर निघतात. बर्फाचं वागणं बदललं, तशी माणसंही बदलतात. बदलू शकत नाहीत ती शाळेची इमारत, धावपट्टी आणि डिझेलवर चालणारं वीजकेंद्र.

मग सरकारनं हलवावं, तर त्याचा हिशेब वेगळा. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी २००४मध्ये शिशमारेफच्या स्थलांतराचा खर्च सुमारे १८ कोटी डॉलर सांगितला. त्याआधी २००३मध्ये संघराज्याच्या लेखापरीक्षण यंत्रणेनं अलास्कातल्या २१३ मूळनिवासी गावांपैकी १८४ गावांना पूर आणि धूप यांची कमीअधिक झळ बसत असल्याचं नोंदवलं होतं. पण अख्खं गाव हलवण्याची जबाबदारी कुठल्याच एका खात्याची नाही. आपत्तीचा कायदा एका रात्रीत कोसळणाऱ्या संकटासाठी; वर्षाला काही मीटर सरकणारा नदीकाठ त्या व्याख्येत सहजी बसत नाही. न्यूटॉकनं आपत्ती जाहीर करण्याची मागणी केली, ती जानेवारी २०१७मध्ये नामंजूर झाली.

नोम किंवा कॉट्झब्यूसारख्या मोठ्या गावात लोकांना सामावून घ्यावं, हा पर्यायही शिशमारेफसाठी तपासला गेला. कागदावर तो सुटसुटीत होता. पण तिथं शिकारीच्या वाटा दुसऱ्यांच्या, आणि सहाशे माणसांचं गाव पांगलं की उरतात ती नुसती कुटुंबं. त्या ७८ मतांकडं हट्ट म्हणून बघता येत नाही, ते यामुळंच.

न्यूटॉक अखेर हललं. नवी जागा मर्तार्विक, सुमारे चौदा किलोमीटरवर, नेल्सन बेटाच्या उंचवट्यावर. नावाचा अर्थ ‘पाणी भरायची जागा’. ती जागा गावानंच निवडली होती. जमिनीची अदलाबदल २००३मध्ये मंजूर झाली, पहिली कुटुंबं २०१९मध्ये राहायला गेली, शेवटची २०२४मध्ये. ऋतू पालटला की बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसांच्या नातवंडांना चौदा किलोमीटर जायला एकवीस वर्षं लागली.