जिवंत हृदयातली तंतूंची वळणं

हृदयाचे स्नायुतंतू वळसे घेत जातात, हे इंग्लंडच्या रिचर्ड लोअर यांनी १६६९ मध्ये चित्रांसह मांडलं. त्या वळणांचं बारकाईने मोजमाप प्रसिद्ध झालं ते ३०० वर्षांनी. १९६९ मध्ये डॅनिएल स्ट्रीटर आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या हृदयाचे काप करून थरागणिक तंतूंचा कोन नोंदवला. डाव्या जवनिकेच्या आतल्या पृष्ठभागाशी तो साधारण अधिक ६० अंश होता, मधल्या थरात शून्याच्या आसपास आणि बाहेरच्या बाजूला उणे ६० अंश. भिंतीची जाडी ती केवढी, पण तेवढ्यात तंतूंची दिशा दोरीच्या पिळासारखी फिरते. एकेक तंतू जेमतेम १५ टक्के आखडतो, तरी जवनिका आतलं निम्म्याहून अधिक रक्त बाहेर ढकलते. त्यात या रचनेचा मोठा वाटा आहे.

हे सगळं कळलं ते थांबलेल्या हृदयावरून. धडधडत्या हृदयातली हीच दिशा पाहण्याची सोनोग्राफीची वाटचाल मला फार मोलाची वाटते. तिचं मूळ आहे एका अडचणीत.

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या तंतुमय टेंडनवर सोनोग्राफीचा प्रोब काटकोनात धरला की पडद्यावर शेजारीशेजारी धावणाऱ्या पांढऱ्या रेघा दिसतात. प्रोब जरासा कलला की तोच टेंडन काळपट होतो आणि धडधाकट टेंडन फाटल्याची शंका येते. १९८० च्या दशकात रेडिओलॉजिस्ट एकमेकांना याबद्दल सावध करत होते. प्रोब सरळ करा आणि पुन्हा पाहा, हा त्यावरचा उपाय. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मॉटली आणि मिलर यांनी हृदयस्नायूंच्या नमुन्यांवर हा फरक रीतसर मोजला. तंतूंना लंब दिशेने गेलेल्या लहरीचा प्रतिध्वनी सर्वांत जोरकस, समांतर दिशेने गेलेल्या लहरीचा सर्वांत क्षीण. म्हणजे प्रतिध्वनीत दिशेची खूण होती. मात्र प्रतिध्वनीचा जोर खोलीने बदलतो, आजारानेही बदलतो. नुसत्या जोरावरून कोन सांगणं बेभरवशाचं होतं.

हातापायांच्या स्नायूंत काम सोपं होतं, कारण तिथे तंतूंचे जुडगे पडद्यावर सरळ दिसतात. जपानमध्ये कावाकामी, आबे आणि फुकुनागा यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की व्यायामाने फुगलेल्या दंडाच्या स्नायूत तंतू अधिक तिरपे बसतात. हृदयात असे जुडगे सुटे दिसत नाहीत. तिथे पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरून तंतूंची दिशा ओळखणाऱ्या डिफ्यूजन एमआरआयने वाट दाखवली, पण ते यंत्र महागडं, तपासणी लांबणारी आणि हृदय क्षणभरही न थांबणारं.

पुढची मोठी पावलं पॅरिसमध्ये पडली. मातियास फिंक आणि मिकाएल तांतेर यांच्या गटाने ध्वनीच्या दाबाने शरीराच्या आतच हलकं कंपन उठवून त्याचा प्रवास टिपण्याचं तंत्र २००४ पर्यंत उभं केलं. हे कंपन तंतूंच्या दिशेने वेगाने धावतं, आडव्या दिशेने सावकाश. २०१२ मध्ये वेई-निंग ली आणि सहकाऱ्यांनी याच वेगावरून हृदयाच्या भिंतीतले कोन काढले आणि एमआरआयशी ताडून पाहिले. अडचण एकच, प्रोब पुनःपुन्हा फिरवावा लागे.

ती सुटली ती वेगळ्या वाटेने. एकाच ठिकाणाहून आलेला प्रतिध्वनी प्रोबच्या निरनिराळ्या भागांना कितपत सारखा ऐकू येतो, हे पाहायचं. तंतूंच्या रेषेत असलेल्या भागांमध्ये हे साम्य दूरवर टिकतं, आडव्या रेषेत लवकर विरतं. फिंक यांनी आर्नो देरोद यांच्यासह १९९३ मध्ये हेच तंतुमय औद्योगिक पदार्थांत तपासलं होतं. क्लेमाँ पापादाची आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ते मऊ ऊतींना लावलं. २०१७ मध्ये त्यांनी त्रिमितीय तपासणीने मेंढीच्या धडधडत्या हृदयातली तंतूंची दिशा दर १० मिलिसेकंदांनी टिपली. त्यानंतर एका निरोगी स्वयंसेवकाच्या हृदयावर, छातीवरूनच, हे शक्य असल्याचं दाखवलं.

याची निकड किती आहे, ते आजारांकडे पाहिल्यावर कळतं. लंडनचे डोनाल्ड टीअर यांनी १९५८ मध्ये आठ तरुणांच्या हृदयांचं वर्णन केलं. त्यातले बहुतेक अचानक गेले होते आणि भिंतीच्या जाड झालेल्या भागात तंतू अस्ताव्यस्त होते. आजचा नेहमीचा टू-डी इको ती जाडी अचूक मोजतो. विस्कटलेली रचना त्याला दिसत नाही. आपल्याला तर ती दिसणं अधिकच गरजेचं आहे. हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातली २५ अक्षरांची गळती हृदयस्नायूच्या आजाराचा धोका वाढवते, आणि भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत ती आढळते, असं २००९ च्या संशोधनातून पुढे आलं. एका स्वयंसेवकापासून हजारो रुग्णांपर्यंतचं अंतर आता कापायला हवं. चाचण्या मोठ्या हव्यात, प्रोब परवडणारे हवेत आणि जिल्हा रुग्णालयातल्या इकोच्या खोलीत हे तंत्र चालायला हवं. तंतू विस्कटल्याचं शवविच्छेदनाआधी, उपचाराला वेळ असताना कळलं, तरच या सगळ्या खटाटोपाचं चीज होईल.