संदेशाचे आयुष्य आणि कर्कपेशी

पेशीतील एखाद्या प्रथिनाचे प्रमाण वाढलेले दिसले, की त्याच्या जनुकाचे प्रतिलेखन वाढले असावे असे अनुमान सहज केले जाते. हे अनुमान अपुरे होय. हौदातील पाण्याची पातळी जशी नळाच्या धारेवर तशीच गळतीवरही अवलंबून असते. त्याचप्रमाणे संदेशवाहक आरएनए किती काळ टिकतो, यावरही प्रथिनाचे प्रमाण ठरते.

ग्लोबिनचा संदेश अनेक तास टिकतो, तर फॉस जनुकाचा संदेश काही मिनिटांतच विघटित होऊ लागतो. या भेदाचे एक कारण शॉ व कामेन यांनी १९८६ साली दाखवून दिले. जीएम-सीएसएफ या प्रथिनाच्या संदेशात, शेपटाकडील अनुवाद न होणाऱ्या भागात, अॅडेनिन व युरेसिल यांनी समृद्ध असा एक छोटा खंड असतो. तो ग्लोबिनच्या संदेशात घालताच तो टिकाऊ संदेशही अस्थिर झाला.

अशा खंडाला ट्रिस्टेट्राप्रोलिन हे प्रथिन चिकटते आणि संदेशाचे अॅडेनिनचे शेपूट तोडणाऱ्या विकरांना तेथे आणते. शेपूट गेले की संदेशाचा नाश ओघानेच होतो. उलटपक्षी, एमके-२ या विकराने ट्रिस्टेट्राप्रोलिनवर फॉस्फेट बसविले, म्हणजे त्याचे हे कार्य मंदावते व संदेश तगून राहतो. निरोगी पेशीत हा संकेत बहुधा अल्पकाळच टिकतो.

कर्कपेशीत मात्र विकृत रास प्रथिन संकेत चालूच ठेवते. कोएल्हो, डाउनवर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखविले, की याच मार्गाने पीडी-एल१ चा संदेश स्थिर होतो. हे प्रथिन टी-पेशींना आवरून धरते. म्हणजेच अर्बुदाला प्रतिकारशक्तीपासून आडोसा मिळतो. उंदरांतील अर्बुदपेशींत ट्रिस्टेट्राप्रोलिन पुन्हा कार्यक्षम केले असता प्रतिकार वाढला, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे.

येथे मापनपद्धतीचा प्रश्न उद्भवतो. संदेशाचे केवळ प्रमाण मोजून उत्पादन वाढले की नाश घटला, हे कळत नाही. अॅक्टिनोमायसिनने प्रतिलेखन थांबवून उरलेला संदेश ठराविक अंतराने मोजण्याची रीत रूढ आहे. परंतु ते औषधच काही संदेशांचे विघटन रोखते. म्हणून नव्याने घडणाऱ्या संदेशांवर थायोयुरिडिनची खूण करून त्यांचा ऱ्हास मोजणे अधिक विश्वसनीय ठरते.