मसलत आणि हुकूम

निर्णयाची एकच रीत सर्व प्रसंगांना पुरी पडत नाही, हे तोंडाने मान्य करणारे पुष्कळ आढळतात. परंतु प्रसंगाची जात ओळखून रीत बदलणारे विरळा, आणि या उणिवेचे केवढे मोल मोजावे लागते याचा दाखला १९६१ साली पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने पुणे शहरास दिला.

मातीच्या धरणाचा भराव किती अवधीत बसतो, आणि पाणी सोडण्याच्या मार्गाची दारे पुरी झाल्यावाचून जलाशय भरू द्यावा की नाही, हे प्रश्न बिकट असले तरी अभ्यासाने सुटणारे होते. येथे तज्ज्ञांची सावकाश मसलत, विरुद्ध मताची कसून तपासणी आणि प्रसंगी आणखी एक पावसाळा थांबण्याची तयारी हाच खरा कारभार ठरला असता. परंतु आंबी नदीवरील हे काम मूळ मुदतीच्या अगोदर उरकण्याची घाई झाली, आणि दारांचे काम अपुरे असतानाच पावसाळ्याचे पाणी चढू लागले.

भराव खचू लागला त्या क्षणी मसलतीचा काळ संपला होता. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. पुढे काय होणार हे निश्चित कळण्याची वाट न पाहता हाती असेल ते करणे, हीच त्या घटकेची योग्य रीत होती. शहराच्या बाबतीत मात्र ती पाळली गेली नाही; लोकांना वेळीच इशारा दिला गेला नाही. तो देऊन खोटा ठरता, तर नदीकाठच्या लोकांनी एक रात्र पर्वतीच्या चढावर काढली असती, एवढेच नुकसान. धोका खरा असूनही इशारा न दिल्याचे नुकसान किती, हे १२ जुलैला पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला ही धरणे फुटल्यावर दिसले. जेथे चुकीच्या दोन बाजूंत इतके अंतर असते, तेथे खात्रीची अपेक्षा धरणे मला अक्षम्य वाटते.

पुढे पुनर्वसनाची जबाबदारी शहराचे पूर्वीचे आयुक्त स. गो. बर्वे यांच्याकडे आली, आणि प्रसंग पुन्हा पालटला: वाड्यातील भाडेकरू, दुकान वाहून गेलेला व्यापारी आणि हातावर पोट असलेला मजूर या सर्वांची नड एका फर्मानाने भागणारी नव्हती, लोकांची गाऱ्हाणी ऐकून, तजवीज करून पाहून, ती दुरुस्त करीतच पुढे जावे लागणार होते. गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर या वसाहतींत पूरग्रस्तांचे संसार पुन्हा उभे राहिले. धरणफुटीच्या चौकशीचे काम प्रथम न्यायमूर्ती बावडेकरांकडे व नंतर न्यायमूर्ती नाईकांकडे होते. धरण बांधताना ज्या संथ छाननीची गरज होती, ती आता फुटलेल्या धरणाच्या दप्तरावर चालली.